तासाला ३० सेंट आणि विश्वाची फूटपट्टी

इंटर्नशिपला गेलात आणि हाती आली नुसती डेटा एन्ट्री, तर आठवड्यात वैताग येतो ना? मग हेन्रिएटा लेव्हिटला भेटाच.

अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत ती ‘कॉम्प्युटर’ होती. मशीन नव्हे, आकडेमोड करणारी बाई! पगार तासाला ३० सेंट. दुर्बिणीवर पुरुष बसणार, बायकांनी फोटोंच्या काचा तपासून ताऱ्यांचे ठिपके मोजायचे.

काही काचा पेरू देशातल्या आरेकिपाहून आल्या. त्यांवर होता छोटा मॅगेलन मेघ. आपल्या आकाशगंगेची ही सोबतीण दीर्घिका, सुमारे २ लाख प्रकाशवर्षं दूर. दक्षिण गोलार्धात अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी ढगाच्या पुंजक्यासारखी दिसते. मुंबई-पुण्याहून पाहायची आशा मात्र सोडा, इथून ती क्षितिजाखालीच राहते.

छोट्या आणि मोठ्या मेघांत मिळून लेव्हिटने तेज कमी-जास्त होणारे १,७७७ तारे शोधले. त्यातल्या छोट्या मेघातल्या २५ ताऱ्यांकडे बघताना तिला एक पॅटर्न दिसला. तारा जितका तेजस्वी, तितका त्याला उजळून मंदावायला जास्त वेळ लागतो.

यात काय मोठंसं? एरवी तारा खरंच तेजस्वी आहे की नुसता जवळ आहे, हे कळत नाही. पण या मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. म्हणजे जो उजळ दिसतो, तो खरोखरच उजळ! आता उघडझापीचा काळ मोजा, त्यावरून खरं तेज काढा, दिसणाऱ्या तेजाशी ताडून बघा. अंतर हातात!

१९१२ साली हा शोध छापला गेला. खाली सही होती वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांची; मजकूर मिस लेव्हिटने तयार केला, एवढा उल्लेख आत होता.

१९२३ मध्ये एडविन हबलला देवयानीत असाच एक तारा सापडला. लेव्हिटची पट्टी लावली आणि कळलं, देवयानी आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर आहे. विश्व एकदम मोठं झालं! १९२५ मध्ये एका स्वीडिश गणितज्ञाने नोबेलसाठी नाव सुचवायचं म्हणून लेव्हिटला पत्र धाडलं. ती १९२१ मध्येच गेली होती. आणि नोबेल मरणोत्तर मिळत नाही.

तेव्हा पुढची एक्सेल शीट भरताना आकडे काय सांगतायत, तेही बघा. आणि रिपोर्टवर तुमचं नाव आहे ना, हे तर नक्की बघा!