निजामी मुलखातील तीन कागद

गोमंतकीयांना 19 डिसेंबर 1961 जितका आपला, तितकाच बिदर-गुलबर्ग्याच्या जनतेला 17 सप्टेंबर 1948 हा दिवस आपला. त्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. परंतु तेथे पोहोचेपर्यंत या सीमाभागात जी यादवी माजली, तिचे पूर्ण चित्र आपल्याकडे क्वचितच मांडले जाते. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके त्या वेळी बिदर जिल्ह्यातच होते. तेव्हा हा इतिहास मराठी माणसालाही परका नव्हे.

29 नोव्हेंबर 1947 रोजी जैसे थे करार झाला, आणि त्याच्या आडून लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांचे बळ वाढत गेले. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात पडले. स्टेट काँग्रेसच्या तरुणांनी सोलापूरच्या हद्दीवर तळ ठोकून प्रतिकार चालविला. मे 1948 मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा गावावर हल्ला झाला. मृतांची संख्या दोनशेच्या घरात सांगितली जाते. तेथे 2023 मध्ये स्मारक उभे राहिले, हे उचितच झाले.

शस्त्रांच्या या धुमाळीत काहींनी लेखणी उचलली. लायक अलींच्या मंत्रिमंडळातील जे. व्ही. जोशी यांनी राजीनामा देताना नांदेड-परभणीकडील अत्याचारांचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन लिहून दिले. निजामाच्याच पंक्तीला बसून असे लिहिण्यास छाती लागते. त्याहून मोठे धैर्य बाकर अली मिर्झा आदी सात मुसलमान गृहस्थांचे. रझाकारांना आवरा आणि भारतात सामील व्हा, असे त्यांनी ऑगस्ट 1948 मध्ये जाहीरपणे बजावले. ते निवेदन ‘इमरोज’ या उर्दू दैनिकात छापणारे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा त्याच महिन्यात हैदराबादेत खून झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. रझाकारांचा जुलूम म्हणजे सर्व मुसलमानांचा जुलूम, असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे नाव ध्यानी ठेवावे.

तिसरा कागद आपल्याला अधिक अवघड जातो. लष्करी कारवाईनंतर नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना संस्थानात पाठविले. नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये ते गावोगाव हिंडले. सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे नोंदविली. या चार जिल्ह्यांतच अठरा हजारांहून कमी माणसे मेली नसावीत, आणि साऱ्या संस्थानात किमान 27 ते 40 हजार, असा त्यांचा अंदाज होता. मेलेले बहुतांश मुसलमान होते, आणि त्यांतील पुष्कळांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता. आकड्यांवर वाद आहेत, ते व्हावेतही. परंतु हा अहवाल सरकारने अनेक दशके दडपून ठेवला, याचे समर्थन करता येणार नाही. गोरट्याचा सूड गोरट्याच्या गुन्हेगारांवर उगवला असता तर गोष्ट वेगळी होती. तो उगवला शेजारच्या विणकरावर, शेतमजुरावर.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि तिचा उल्लेख फारसा होत नाही. मुसलमान विणकरांना वाचविण्यासाठी त्यांचे हिंदू व्यवसायबंधू हिंदू जमावापुढे उभे राहिले, आणि त्यांतील काहींनी प्राणही गमावले.