लाइट जाण्याआधीचे १० मिलिसेकंद

घरातल्या मेन बोर्डाचं झाकण उघडा. कशालाही हात लावायचा नाही, फक्त वाचायचं. एमसीबीवर 'सी १६' किंवा 'सी ३२' असं काहीतरी असेल, ते बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच्याच जवळ एका बारीक चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा छापलेला दिसेल. ती किंमत नाही, मॉडेल नंबरही नाही. ते अँपिअर आहेत. शॉर्टसर्किट झालं तर एवढा प्रवाह मी तोडू शकेन, असं ती बोटभर डबी तुम्हाला लेखी देतेय.

आता पुढचा प्रश्न. गीझर लावला तरी दहा-बारा अँपिअरच्या पुढे न जाणाऱ्या घरात दहा हजार अँपिअर येतीलच कुठून?

कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून. राणेनगर, राजीवनगर, वडाळा-पाथर्डी रोड, कुठेही राहत असाल तरी जाळीच्या कुंपणात एक राखाडी धूड उभं असतंच. त्याच्या पाटीवर 'परसेंटेज इम्पीडन्स' नावाची एक ओळ असते. (कुंपणाबाहेरून, मोबाइल झूम करून बघा. आत शिरू नका, प्लीज.) समजा ट्रान्सफॉर्मर ६३० केव्हीएचा आहे आणि त्या ओळीत ५ लिहिलंय. १०० भागिले ५ म्हणजे २०. पूर्ण लोडवर हा ट्रान्सफॉर्मर साधारण ८४० अँपिअर देतो. त्याच्या तोंडाशीच शॉर्टसर्किट झालं तर तोच २० पट, म्हणजे जवळपास १७ हजार अँपिअर ओकतो. तुमच्या बोर्डापर्यंत येताना मधल्या केबलच्या रोधामुळे हा आकडा बराच खाली येतो, त्यामुळे लगेच इलेक्ट्रिशियनला फोन लावायची गरज नाही. पण पहिल्या पावसात फांदी तारेवर पडते, फाटकन आवाज होतो, आभाळ क्षणभर निळं-हिरवं दिसतं आणि सगळी गल्ली "गेली रे!" म्हणून ओरडते, तेव्हा तिथे काय चाललेलं असतं याचा अंदाज आता आला असेल. इंजिनिअर त्याला फॉल्ट करंट म्हणतात.

हा प्रवाह नुसता तापवत नाही, तो ढकलतोही. दोन तारांतून प्रवाह गेला की त्या एकमेकींना ओढतात किंवा लोटतात, आणि हा जोर प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. प्रवाह २० पट झाला तर जोर ४०० पट. ट्रान्सफॉर्मरच्या आतली गुंडाळी वाकते ती यामुळे.

मग ब्रेकर कशाला असतो, असं तुम्ही म्हणाल. हा प्रश्न नाशिककरांनी विचारायलाच हवा, कारण विजेचे मोठे ब्रेकर आपल्याकडेच बनतात. अंबडला सीजी पॉवर, सातपूरला एबीबी. इंदिरानगरातल्या किती घरांतला माणूस त्या गेटमधून रोज आत जातो, ते तुम्हालाच जास्त माहीत. ब्रेकर प्रवाह तोडतो हे खरं, पण त्याला वेळ लागतो. आधी रिलेला फॉल्ट कळणार, मग यंत्रणा हलणार, संपर्क दूर होणार आणि प्रवाह शून्यावरून जाईल तेव्हा ठिणगी विझणार. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगल्या ब्रेकरलाही दोन-तीन आवर्तनं लागतात. फॉल्टचा पहिला आणि सगळ्यात उंच झटका मात्र पहिल्या १० मिलिसेकंदांतच येऊन जातो. म्हणजे ब्रेकर पोचतो तोवर पहिली थप्पड बसलेली असते.

गंमत अशी, की वीजव्यवस्था जितकी मजबूत कराल तितकी ही थप्पड मोठी होते. पाण्याच्या पाच टाक्या एकमेकींना जोडल्या तर कोणाचाच नळ कोरडा राहत नाही. पण एक पाइप फुटला की पाचही टाक्यांचं पाणी तिथूनच बाहेर येतं. ग्रिडचं तसंच आहे. नवी केंद्रं, नव्या लाइन, नवे ट्रान्सफॉर्मर जोडत गेलो की फॉल्ट करंट वाढत जातो, आणि जुन्या सबस्टेशनमधल्या ब्रेकरवरचा आकडा मात्र आहे तिथेच राहतो. (गच्चीवरच्या सोलरला यात फार दोष देऊ नका. त्याचा इन्व्हर्टर स्वतःच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडाच जास्त देऊ शकतो.) केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियोजनाच्या निकषांप्रमाणे फॉल्ट करंट ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नसतो. तो जायला लागला की एकतर सगळे ब्रेकर बदला, नाहीतर सबस्टेशनची मुख्य पट्टी, जिला 'बस' म्हणतात, मध्येच तोडून दोन भाग करा. म्हणजे खर्च करून जोडायचं आणि मग भीतीने तोडायचं. मला हे वाचून खरंच हसू आलं.

तिसरा मार्ग म्हणजे वाटेत कायमचा अडथळा ठेवणं, अर्थात सीरिज रिअॅक्टर. इंदिरानगरचा बोगदा आठवा. तो गर्दी आवरतो, पण सकाळी साडेनऊला ऑफिसला निघालेल्यालाही आवरतो. आपल्याला हवा असा बोगदा, जो रोज सहापदरी असेल आणि बेफाम लोंढा आला की आपोआप, कुणी शिट्टी न वाजवता, एकपदरी होईल.

असा बोगदा आहे. तो अतिवाहकाचा, म्हणजे सुपरकंडक्टरचा बनतो.

१९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला हाइके कामरलिंग ओनेस यांना दिसलं, की पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा विजेला होणारा रोध नाहीसा होतो. कमी नाही, नाहीसाच. एमआरआय मशिनमध्ये कधी आडवे झाला असाल, तर तुमच्याभोवती द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेली अशीच वेटोळी बहुधा होती. पण हेलियम महाग. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी अतिवाहकांची एक नवीच जात शोधली, पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. त्याच १९८७ साली यिट्रियम, बेरियम आणि तांबं यांचं एक ऑक्साइड सापडलं, जे उणे १८० अंशांच्या आसपासच अतिवाहक होतं. आता द्रवरूप नायट्रोजन पुरतो. तो उणे १९६ अंशांचा असतो, आणि गावाकडे जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ठेवायच्या कॅनमध्ये असतो तोच हा.

या पदार्थाची एक अट आहे. तापमान, चुंबकीय क्षेत्र आणि प्रवाह, तिन्ही मर्यादेत हवेत. एकानेही रेघ ओलांडली की अतिवाहकता संपली. एरवी हा दुर्गुणच, पण आपल्याला नेमका तोच हवाय. लाइनमध्ये अतिवाहक पट्टी घाला. रोज ती जवळजवळ अदृश्य असते. फॉल्ट आला, प्रवाहाने रेघ ओलांडली, की काही मिलिसेकंदांत पट्टीत रोध उभा राहतो आणि पहिला झटकाच दबतो. सेन्सर नको, सिग्नल नको, सॉफ्टवेअर नको. मग ब्रेकर आपल्या सवडीने येऊन उरलेला, आटोक्यातला प्रवाह तोडतो. पट्टी पुन्हा थंड होते आणि पुढच्या वेळेसाठी तयार.

"फ्यूज पण हेच करतो की!" करतो, पण जळून. जर्मनीत १९५०च्या दशकात तर असा लिमिटर निघाला, ज्यात एक छोटा स्फोट घडवून वाहक उडवतात. तो आजही वापरात आहे आणि मिलिसेकंदाच्या आत काम करतो, पण दर वेळी आतला भाग बदलावा लागतो. अतिवाहकाचं तसं नाही.

हे कागदावरचं नाही. पहिला मोठा प्रयोग एबीबीचाच, १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोंच जलविद्युत केंद्रात. २०१४ मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात एक किलोमीटर लांबीची अतिवाहक केबल सुरू झाली, तिच्या संरक्षणाला असाच लिमिटर होता. २०१९ मध्ये मॉस्कोत २२० केव्हीच्या सबस्टेशनमध्ये एक बसला.

मग आपल्याकडे चौकाचौकात का नाही? कारण ही पट्टी वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उणे १९६च्या आसपास ठेवावी लागते, फॉल्ट वर्षातून दोनदा येवो की दहा वर्षांतून एकदा. आत झिरपलेली एक वॅट उष्णता बाहेर काढायला सिद्धांतानुसारच किमान तीन वॅट वीज लागते, प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट. नाशिकच्या मे महिन्यात तर विचारूच नका. पट्टीही महाग, कारण तिच्यावरचा अतिवाहक थर असतो मायक्रॉनभर जाडीचा आणि तो शेकडो मीटर सलग, एकही खोट न ठेवता द्यावा लागतो. त्यामुळे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरला हा लावणं म्हणजे सायकलला एअरबॅग. पण जिथे सगळे ब्रेकर बदलायचे की नवं सबस्टेशन बांधायचं असा प्रश्न पडतो, अशा दाटीच्या शहरांत हिशेब वेगळा होऊ शकतो. मुंबईत जागेचा भाव काय आहे, ते सांगायला नको.

इलेक्ट्रिकलला अॅडमिशन घेऊन "सगळे कॉम्प्युटरला गेले, मीच इथे" म्हणणाऱ्यांसाठी हा भाग. या यंत्राला विजेइतकाच थंडीचा अभ्यास लागतो, त्याला क्रायोजेनिक्स म्हणतात. आयआयटी खरगपूरमध्ये त्याचं स्वतंत्र केंद्र आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. मिलिंद अत्रे यांची क्रायोजेनिक इंजिनिअरिंगवरची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत. आणि विजेची उपकरणं तपासणाऱ्या केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्थेची, म्हणजे सीपीआरआयची, प्रादेशिक प्रयोगशाळा आता आपल्या शिलापूरलाच झाली आहे. या संस्थेच्या बेंगळुरू आणि भोपाळच्या प्रयोगशाळांत तर मुद्दाम शॉर्टसर्किट करून ब्रेकर आणि ट्रान्सफॉर्मर टिकतात का ते बघतात. त्यासाठी पगारही देतात.