कचऱ्याचा ढीग कोणाच्या दारात?

घंटागाडी दारावरून गेली की आपले काम संपले, असे आपण समजतो. तो कचरा पुढे जातो कुठे? औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) शहराला हा प्रश्न फेब्रुवारी २०१८ मध्ये विचारावाच लागला. अनेक वर्षे शहराचा कचरा नारेगावला पडत होता. धूर, दुर्गंधी आणि विहिरींचे नासलेले पाणी यांना कंटाळून गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. शहरात ढीग साचले. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक व लाठीमार झाला. पुढे चिकलठाणा, पडेगाव आणि आपले हर्सूल येथे प्रक्रिया केंद्रे करण्याचे ठरले. विषय आपल्या वेशीवर आला तो असा.

ढिगात काय घडते, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. ओला कचरा दबला की आत हवा पोहोचत नाही. हवेशिवाय कुजताना मिथेन वायू तयार होतो. तो पेटला की ढीग कित्येक दिवस धुमसतो. त्यात पीव्हीसी प्लास्टिक जळाले तर डायऑक्सिनसारखी विषे धुरात मिसळतात. पावसाळ्यात ढिगातून काळे पाणी झिरपते आणि आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या भेगांतून विहिरी-बोअरपर्यंत जाते. ज्याला टँकर परवडतो तो सुटतो. गरीब वस्तीने तेच पाणी प्यायचे!

सर्वांत जास्त झळ बसते ती कचरा वेचणाऱ्या भगिनींना. गावकीची कामे सोडा, हा बाबासाहेबांचा उपदेश मानून आपली माणसे शहरात आली. येथे त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला शहराची घाणच आली, हे आम्हांला फार बोचते. काच, ब्लेड, इंजेक्शनची सुई हातात घुसते. त्यातून धनुर्वात किंवा ब प्रकारची कावीळ होऊ शकते.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात. वेगळा केलेला कचरा दारातच हाती पडला की उकिरडा उपसावा लागत नाही. हे काम दयेचे नव्हे, हक्काचे मानले गेले, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगवेगळा देणे बंधनकारक केले. घरात कोणी मधुमेहाचे इंजेक्शन घेत असेल तर सुया झाकणाच्या जाड डब्यात साठवून तो डबा वेगळा द्यावा. वस्तीत कचरा वेचणाऱ्या भगिनी असतील तर त्यांना धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी सरकारी दवाखान्यात घेऊन जावे, आणि काविळीच्या लसीचीही तेथेच चौकशी करावी. या लसीचे डोस तीन असतात : पहिला, महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा.