पाहिले, ठीक आहे

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या राहनाळजवळच्या मोकळ्या शेतात एक हेलिकॉप्टर उतरले होते. पुढारी कोण होते आणि ते काय बोलले, हे आता फारसे कोणाला आठवत नाही. ज्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर त्या हेलिकॉप्टरने धूळ बसवली, त्या बायकांना मात्र ते अजून आठवते. मी नातवाचा हात धरून बांधावर उभा होतो. सभा संपली, पाती गरगरू लागली, यंत्र जमिनीवरून उचलले गेले आणि नातवाने विचारले, "आजोबा, वर गेल्यावर याचं इंजिन बंद पडलं तर?"

छत्तीस वर्षे मी बँकेत काढली. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नसे, त्यावर 'वरिष्ठांकडे विचारणा करून कळवतो' असे सांगायची सवय. इथे वरिष्ठ मीच होतो. "पडेल खाली," असे सांगून मी मोकळा झालो.

उत्तर साफ चुकीचे होते. ते चुकीचे आहे हे मला आमच्याच इमारतीतल्या एका तरुणाने समजावले. तो जुहूला हेलिकॉप्टरच्या देखभालीचे काम करतो. परवानाधारक अभियंता आहे. "काका," तो म्हणाला, "इंजिन बंद पडलं म्हणून हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. खाली येताना खालून लागणाऱ्या वाऱ्यावर पाती फिरत राहतात आणि त्या जोरावर वैमानिक ते उतरवू शकतो. शिवाय समुद्रावर जाणाऱ्या हेलिकॉप्टरना इंजिनं दोन असतात. आम्हाला काळजी असते ती गिअरबॉक्सची. तो एकच असतो."

हे 'एकच' मला लागले. इंजिने दोन, वैमानिक दोन. पण त्या दोन्ही इंजिनांची ताकद एकाच पेटीतून वरच्या पात्यांकडे जाते. ती पेटी अडकली तर वाऱ्यावरसुद्धा पाती फिरणार नाहीत. तिला जोडीदार नाही, बदली नाही. म्हणून तिची तपासणी हीच तिची जोडीदार.

राहनाळात राहणाऱ्याला हे समजायला यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. ठाणे-भिवंडी रस्त्यावरचे हे आमचे गाव. आता चहूबाजूंना गोदामे झाली असली, तरी भिवंडीचा कान मुळात मागाच्या खटखटीवर वाढलेला. यंत्रमागात मोटरवरून पट्टा जातो तो क्रँक शाफ्टवर. तिथून दात्यांच्या चाकातून खालच्या शाफ्टवर. खालचा शाफ्ट वरच्याच्या निम्म्या वेगाने फिरतो. वेग कमी करायचा आणि जोर हवा तिथे पोचवायचा, हेच तिथले काम. हेलिकॉप्टरात तेच, फक्त प्रमाण अफाट. इंजिनाचा दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. मध्यम आकाराच्या हेलिकॉप्टरची डोक्यावरची पाती मात्र मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतात. मधली सगळी उतरंड दात्यांच्या चाकांनी करायची. त्यातली काही चाके मधल्या 'सूर्या'भोवती ग्रहांसारखी फिरतात. त्यांना ग्रहचक्रेच म्हणतात. दुसरीकडे एक लांब दांडा शेपटीपर्यंत जातो आणि तिथले छोटे पंखे फिरवतो. ते थांबले, तर यंत्र स्वतःभोवतीच भिरभिरू लागते.

माग बिघडला तर तागा खराब होतो. जॉबर येतो, पाना फिरवतो, शेठ चार शिव्या देतो. हेलिकॉप्टरला मध्येच थांबायला जागा नसते.

म्हणून मग नियम. त्या तरुणाने ते मला आमच्या गच्चीवर बसून दोन रविवारांत सांगितले. उडण्याआधी गिअरबॉक्समधले तेल काचेतून पाहायचे, गळती पाहायची. तेलाच्या वाटेत लोहचुंबक लावलेला एक खिळा असतो. आत कुठल्या चाकाचे किंवा बेअरिंगचे सालपट सुटले, तर ते त्या चुंबकाला चिकटते आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. ठरावीक तासांनी तो खिळा काढून पाहायचा. बारीक कीस दिसला तर एक नियम, कपच्या दिसल्या तर दुसरा. कपची कोणत्या धातूची, यावरून ती कुठल्या भागाची हे शोधायचे. शेपटीकडच्या दांड्याचे सांधे बॅटरी आणि आरसा घेऊन बघायचे. सुटा केलेला भाग लाल रंगात भिजवून पुसायचा आणि वर पांढरी पूड मारायची. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर लाल रेघ उमटते. हल्ली गिअरबॉक्सवर कंपन मोजणारी यंत्रेही बसवतात. जुना जॉबर नुसत्या आवाजावरून कोणता माग आजारी आहे ते सांगत असे, तेच हे काम.

मला सर्वांत नवल वाटले ते भागांच्या आयुष्याचे. काही भागांचे तास ठरलेले असतात. तेवढे उडून झाले की भाग दिसायला कितीही ठणठणीत असो, काढून टाकायचा. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाचे कार्ड. कधी बसवला, किती तास उडाला, कोणी तपासला. वैमानिकाच्या हुकमतीतल्या जोडण्यांना हात लावला, तर एकाने केलेले काम दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासून सही करायची. "आमच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या!" मी म्हणालो. एक कॅशिअरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघे आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. तो हसला. म्हणाला, "हो काका, पण दुसऱ्यानं खरंच बघितलं पाहिजे."

मी गप्प बसलो, त्याचे कारण सांगतो.

नव्वदच्या दशकात मी भिवंडीच्या एका शाखेत होतो. कापडाच्या तारणावर कर्जे दिलेली. दरमहा गोदामात जाऊन माल मोजायचा आणि अहवालावर सही करायची. एका गिऱ्हाइकाकडे मी गेलो, चहा झाला, गप्पा झाल्या. समोरची थप्पी मोजली, उन्हाचा कंटाळा आला आणि मागच्या थप्प्या पुढच्यासारख्याच असणार असे धरून मी लिहिले, 'पाहिले, ठीक आहे.' काही महिन्यांनी खाते थकले. आम्ही माल ताब्यात घ्यायला गेलो, तेव्हा मागच्या गाठींतून चिंध्या निघाल्या. माझ्याकडे खुलासा मागितला गेला. मी तो चांगल्या मराठीत लिहिला. पुढे कधीतरी ती रक्कम बुडीत खात्यात गेली आणि प्रकरण मिटले. मी कादंबऱ्या लिहू लागल्यावर तो प्रसंग एकदोनदा विनोद म्हणूनही सांगितला असेल. त्या तरुणापुढे तो सांगवेना. त्याच्या धंद्यात बुडीत खाते नाही.

त्याने सांगितलेल्या तीन घटना मी नंतर मिळतील ते अहवाल वाचून पडताळल्या. बँकेची सवय.

पहिली स्कॉटलंडची. १ एप्रिल २००९ रोजी समुद्रातल्या तेलफलाटावरून परतणारे सुपर प्यूमा जातीचे हेलिकॉप्टर पीटरहेडजवळ कोसळले आणि १६ जण गेले. गिअरबॉक्समधले एक ग्रहचक्र फुटले होते. त्याआधी २५ मार्चला, उड्डाणाचे सुमारे ३६ तास शिल्लक असताना, चुंबकावर धातूचा एक कण सापडला होता. म्हणजे खिळ्याने आपले काम केले होते. पुढे देखभाल करणारे आणि कारखाना यांच्यात फोन झाले, ई-मेल झाले आणि त्या बोलण्यात एकाचे म्हणणे दुसऱ्याला नीट कळले नाही. गिअरबॉक्सचा तो कप्पा उघडून पाहायची पायरी राहून गेली. आणखी एक गोष्ट निघाली. आतल्या एका तबकडीवर जादा चुंबक बसवलेले होते. चांगल्या हेतूने बसवलेले, पण तेच कपच्या अडवून धरत आणि इशारा देणाऱ्या खिळ्यापर्यंत जाऊ देत नसत. अपघातानंतर ते काढण्याचा हुकूम निघाला.

दुसरी घटना त्याच्या तीन आठवडे आधीची, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळची. १२ मार्च २००९. सिकोर्स्की एस-९२ जातीच्या हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधले तेल वाहून गेले. आत १८ माणसे, वाचला एक. तेलाच्या गाळणीचे भांडे धरून ठेवणारे टायटॅनियमचे आटे तुटले होते. असेच आटे २००८ साली ऑस्ट्रेलियात तुटले होते. ते हेलिकॉप्टर सुखरूप उतरले. त्यावरून कारखान्याने २८ जानेवारी २००९ रोजी सूचना काढली, की टायटॅनियमचे आटे काढून पोलादी बसवा. मुदत एक वर्ष किंवा उड्डाणाचे १२५० तास. अपघात झाला तो सूचनेनंतर ४३ दिवसांनी. मुदत कोणी मोडली नव्हती. अपघातानंतर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने पुढच्या उड्डाणाआधीच आटे बदलण्याचा हुकूम दिला. एक वर्षाची मुदत एका दिवसात शून्यावर आली. बँकेतल्या माणसाला मुदतवाढीचे भारी कौतुक. मला हे वाचून गहिवरूनच आले.

तिसरी घटना सर्वांत अवघड. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेच्या तुरॉय बेटाजवळ, सुपर प्यूमाच्याच घराण्यातल्या हेलिकॉप्टरची वरची पाती आकाशातच सुटली. १३ जण गेले. पुन्हा ग्रहचक्रच, पण या वेळी चुंबकावर आधी काहीही सापडले नव्हते. चीर पृष्ठभागावरच्या बारीकशा खळगीतून सुरू झाली आणि धातूच्या आतल्या आत वाढत गेली. कोणी आळस केला नव्हता, कोणी फसवले नव्हते. तपासणीलाच ती दिसण्यासारखी नव्हती. तेव्हा नियमच बदलावे लागले. ग्रहचक्रांच्या दोन प्रकारांपैकी ज्यावर ताण जास्त पडत असे तो प्रकार काढून टाकला, राहिलेल्याचे आयुष्य कमी केले, सालपटांची पाहणी अधिक वेळा करायला लावली.

वाचकहो, हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण आपल्या दारातूनच हेलिकॉप्टर रोज समुद्रावर जातात. १९७४ साली मुंबई हायला तेल लागले, तेव्हापासून तिथल्या फलाटांवर माणसांची ये-जा आहे, आणि ती मुख्यतः जुहूहून हवेतून होते. १३ जानेवारी २०१८ रोजी, भोगीच्या दिवशी, जुहूहून निघालेले हेलिकॉप्टर डहाणूच्या दिशेला समुद्रात पडले. दोन वैमानिक आणि तेल महामंडळाचे पाच अधिकारी गेले. २८ जून २०२२ ला आणखी एक पाण्यात उतरले; नऊपैकी चार जण गेले. या दोन अपघातांचा दोष मी गिअरबॉक्सवर टाकत नाही. प्रत्येक अपघाताची कुंडली वेगळी. पण ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरच्या विमानतळावर तटरक्षक दलाचे 'ध्रुव' कोसळून तिघे गेले, तेव्हा वैमानिकाचा हुकूम फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारी तबकडी मोडल्याचे तपासात पुढे आले. देशातली या जातीची सुमारे ३३० हेलिकॉप्टर जमिनीवर बसवली गेली आणि परवानगी मिळाली ती काही महिन्यांनी, टप्प्याटप्प्याने. सेनादलांना याने किती अडचण झाली असेल! तरीही एका तबकडीसाठी तीनशे यंत्रे थांबवणे, हीसुद्धा तपासणीच.

परदेशात बनलेल्या यंत्रांबाबत तिथल्या विमान प्रशासनाचा तातडीचा हुकूम आला, की आपले नागरी विमान महासंचालनालय तो इथे सक्तीचा करते. कागद दिल्लीहून निघतो, कंपनीत पोचतो, हँगरमध्ये येतो आणि शेवटी एका माणसाच्या हातातल्या बॅटरीशी थांबतो. त्या माणसाला घरी जायचे असते. लोकलची वेळ झालेली असते. बाहेर प्रवासी ताटकळत असतात आणि कोणीतरी विचारत असते, "किती वेळ?" त्या क्षणी त्याने 'आज उडणार नाही' असे लिहिले, तर त्याला शाबासकी मिळेल की खुलासा मागितला जाईल, यावर सगळे नियम अवलंबून आहेत. मी त्या तरुणाला हे विचारले. तो म्हणाला, "काका, उडू दिलं नाही म्हणून काही झालं नाही, हे कधी सिद्ध करता येत नाही. ते मनाशीच धरून राहायचं."

आमच्या वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मुंबई हायवर काम करतात. चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी. ते निघतात त्या सकाळी त्यांची पत्नी 'पोचलो' असा निरोप येईपर्यंत कुकर लावत नाही. पूर्वी मला ती बायकी भीती वाटे. आता वाटत नाही. जुहूच्या हँगरमध्ये ज्याने सही केली आहे, त्याला या बाईने कधी पाहिलेले नाही, पाहणारही नाही. माझ्या बँकेतल्या ठेवीदारांनी तरी मला कुठे पाहिले होते?

नातवाला मी परवा बोलावून माझे उत्तर दुरुस्त केले. इंजिन बंद पडले तरी हेलिकॉप्टर उतरू शकते, पण मधली चाके नीट पाहिलेली असावी लागतात, असे सांगितले. त्याने लगेच विचारले, "मग ती कोण पाहतं? रोज पाहतं का?"

"रोज पाहतात," मी म्हणालो.

"मागची पण?"

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. गोदामाची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. ती त्या दिवशी सांगितली, विनोद न करता. सांगून होते तोच वरच्या मजल्यावरून कुकरची शिट्टी ऐकू आली.