एसी दुरुस्तीसाठी डिजिटल गेज: निवड आणि वापर
डिजिटल मॅनिफोल्ड गेज दाबासोबत पाइपचे तापमानही मोजते आणि त्यावरून सुपरहीट व सबकूलिंग स्वतः काढून दाखवते. काट्याच्या गेजपेक्षा त्याचे खरे मोल इथेच आहे. निवडताना आधी गॅसची यादी पाहावी. बाष्पीभवन ५ अंश सेल्सिअसला होत असेल, तर आर-२२ चा दाब सुमारे ७० पीएसआय, आर-३२ चा मात्र सुमारे १२३ असतो. यादीत आर-३२ नसेल, तर आजच्या घरगुती इन्व्हर्टर एसीसाठी ते गेज घेऊच नये.

होज जोडण्यापूर्वी गेज मोकळ्या हवेत शून्यावर आणावे. मग नेमका गॅस निवडावा. इथली चूक पुढचे सगळे गणित बिघडवते. तापमानाचा क्लॅम्प सर्व्हिस व्हॉल्व्हजवळ, पुसून स्वच्छ केलेल्या सक्शन पाइपवर लावावा. पाइप १२ अंशांवर आणि दाबावरून निघणारे तापमान ५ अंश असेल, तर सुपरहीट ७ अंश.

इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरची गती सतत बदलते, त्यामुळे दाबही हलतो. म्हणून रिकाम्या यंत्रात गॅस भरताना पाटीवर लिहिलेले वजनच प्रमाण मानावे आणि तो वजनकाट्यावर मोजून भरावा. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. त्याचे काम खेळत्या हवेतच करावे.