चौकटीवरचा पाऊस

हिवरे बाजारात पाऊस मोजतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पाऊस किती झाला, पाणी किती मुरलं, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि मगच कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. पण पावसाबद्दलचा मजकूर घराच्या चौकटीवर ठोकून ठेवणारी माणसंही आहेत, तीही आपल्याच महाराष्ट्रात, मराठी बोलणारी!

ज्यू धर्मीयांच्या घरात शिरताना उजव्या हाताला, चौकटीवर साधारण खांद्याच्या उंचीला, बोटाएवढी एक डबी दिसते. तिचं नाव मेझुझा. हिब्रूत या शब्दाचा मूळ अर्थच चौकटीची उभी बाजू. येता-जाता घरातली माणसं तिला बोटं लावतात आणि ती ओठांना टेकवतात. आपण देवळाच्या पायरीला हात लावून कपाळाला लावतो ना, तसंच.

डबी लाकडाची, धातूची, अगदी प्लास्टिकचीही चालते. खरा मान आतल्या चर्मपत्राच्या गुंडाळीला. त्यावर 22 ओळी, 713 अक्षरं, सगळी हातानं लिहिलेली. एक अक्षर जरी चुकलं किंवा पुसलं गेलं तरी गुंडाळी बाद. म्हणून सात वर्षांत दोनदा ती उघडून तपासायची पद्धत आहे.

त्यात लिहिलंय काय? धर्मग्रंथातले दोन उतारे. पहिला ‘शेमा’. देव एकच आहे, त्याच्यावर मनापासून प्रेम करा, हे मुलांना शिकवा आणि दाराच्या चौकटीवर लिहून ठेवा, असं तो सांगतो. दुसरा उतारा मात्र थेट शेतीचा. आज्ञा पाळल्या तर वेळेवर पाऊस, धान्य, गुरांना चारा. नाही पाळल्या तर आभाळ बंद.

महाराष्ट्रातले बेने इस्राएल ज्यू सांगतात, की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. ते कोकणात राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावं झाली. हिब्रू गेली, बाकीच्या प्रार्थना गेल्या, पण शेमा टिकला. म्हणजे डबीतल्या मजकुराची सुरुवात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ जपली.

मग ही डबी म्हणजे लिंबू-मिरचीचाच प्रकार का? ती घराचं रक्षण करते, असं मानणारे बरेच आहेत. पण बाराव्या शतकातले ज्यू विद्वान मैमोनिदीस यांनी, आतल्या मजकुरात देवदूतांची नावं घुसडून तिचा ताईत करणाऱ्यांना चांगलंच झापलं होतं. त्यांचं म्हणणं, दारातून ये-जा करताना माणूस भानावर यावा, यासाठी ती आहे.

हे हिवरे बाजारला पटकन कळेल. 1972 च्या दुष्काळानंतर इथली माणसं कामासाठी गाव सोडून गेली. पुढे पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं नियम केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेल नाही, उसाचा हट्ट नाही. पाऊस काही वाढला नाही, पण पडलेलं पाणी गावात राहायला लागलं आणि माणसं परत आली. दुष्काळात असे नियम कोणीही पाळेल. खरी परीक्षा असते ती विहिरी भरलेल्या वर्षी. मेझुझातला उताराही नेमका तिथंच बोट ठेवतो. पोटभर खाल, तेव्हा सांभाळा, वाट चुकू नका, असा इशारा त्यात आहे.

1948 नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबं इस्राएलला गेली. अलिबाग, ठाणे, मुंबई, पुण्यात आता मोजकी घरं उरलीत. घर सोडताना मागून येणारं कुटुंब ज्यू नसेल, तर मेझुझा काढून न्यायचा असतो. चौकट इथंच राहते, मजकूर माणसांबरोबर जातो.

आपल्या हॉस्टेलच्या दारावर स्टिकर असतात, परीक्षेचं टाइमटेबल असतं. पण सगळं छान चाललेलं असताना विसरू नये, असं एकच वाक्य तिथं लावायचं झालं, तर तुम्ही कोणतं लावाल?