माकुलाचा जिग: समज आणि वस्तुस्थिती

माकूल धरायचे नकली आमिष (जिग) म्हणजे जपानी ‘एगी’ पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला हटकून एक शंका येते. आकार कोळंबीचा, शेपटाशी वर वळलेल्या सुयांची दोन कडी, पण एकाही सुईला गळासारखा उलटा काटा नाही. मग माकूल निसटणार नाही का?

नाही. माकूल माशासारखे आमिष तोंडात घेऊन ओढत नाही. दोन लांब हात झटक्यात पुढे टाकून ते भक्ष्य कवटाळते, आठ आखूड हातांत घेते आणि मग चोचीने कुरतडते. सुया त्या हातांतच रुततात. दोरी ताणलेली ठेवली की पकड टिकते, सैल सोडली की माकूल गेलेच. यंत्राने माकुले धरणाऱ्या बोटींवर तर काटा नसणेच सोयीचे. दोरी गुंडाळली जाताना जिग कडेच्या रुळावरून उलटतो आणि माकूल स्वतःच्या वजनाने गळून पडते. किती विचारपूर्वक केलेली रचना आहे ही!

एगी हा प्लॅस्टिकच्या जमान्यातला शोध मुळीच नाही. दक्षिण जपानात, कागोशिमा आणि अमामी बेटांच्या भागात, एदो काळापासून (1603–1868) मच्छीमार लाकूड कोरून, विस्तवावर भाजून एगी बनवत आले. आज लाकडाच्या जागी प्लॅस्टिक आणि वर कापड आले.

‘जड जिग चांगला’ हा समज मात्र नुकसान करतो. एगीचा क्रमांक ‘सुन’ या जुन्या मापात असतो. 1 सुन म्हणजे सुमारे 3.03 सेंमी, म्हणून 3.5 क्रमांकाची एगी साधारण साडेदहा सेंमी. वजन 20 ग्रॅमच्या आसपास आणि मीटरभर बुडायला साधारण तीन सेकंद. शिसे हनुवटीखाली असल्याने ती नाक खाली करून तिरपी उतरते. झटका दिल्यावर उडणारी एगी माकुलाचे लक्ष वेधते, पण ते झडप घालते बहुधा ती सावकाश खाली येत असताना. ही उतरण्याची वेळच वजन वाढवून कमी केली, तर हाती काय लागणार? जोराच्या प्रवाहात किंवा खोल पाण्यात जड एगी लागते, एवढेच.

रंगांचेही तसेच. बहुतेक माकुलांच्या डोळ्यांत एकच दृष्टिरंजक असते, त्यामुळे गुलाबी की नारिंगी हा भेद त्यांना आपल्यासारखा दिसत नाही. त्यांना कळतो तो उजेड-अंधाराचा फरक. म्हणून एगी निवडताना छटेपेक्षा पाण्यात ती उठून दिसते का, हे पाहावे.